पंडितांचा वाद

दर गुरुवारी छावणीचा बाजार भरतो. आमच्या वसतिगृहातील मुले त्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी मोठ्या हुशारीने घासाघीस करतात. परंतु तीच मुले संध्याकाळी वाचनाच्या तासाला बसली आणि ‘या कथेविषयी तुझे मत काय?’ असे इंग्रजीतून विचारले, की मान खाली घालतात. त्यांना मत नसते असे नाही. मत मांडताना वाक्याची सुरुवात कशी करावी, एवढेच त्यांना ठाऊक नसते.

हे मौन आम्हाला परके नाही. इतिहासात एम.ए. करीत असताना एका चर्चासत्रात आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. लेण्यांवरील एका इंग्रजी लेखाची चर्चा चालली होती. लेख आम्ही दोनदा वाचला होता. लेखकाने सारे श्रेय राजांना दिले होते. कार्ले, कान्हेरी येथील दानलेखांत सुतार, सोनार, व्यापारी आणि स्त्रिया यांचीही नावे कोरलेली आहेत, हे आम्हाला सांगायचे होते. परंतु लेखकाशी आदराने असहमत कसे व्हावे, याचे वाक्य काही केल्या जुळेना. त्या रात्री शब्दकोश घेऊन ते वाक्य आम्ही वहीत लिहिले. तोवर चर्चा संपली होती.

शिक्षक झाल्यावर त्या वहीचा आम्ही तक्ता केला. आज तो वर्गाच्या भिंतीवर आहे. मत मांडताना ‘इन माय ओपिनियन’. लेखाचा गाभा सांगताना ‘द मेन आयडिया ऑफ द आर्टिकल इज’. लेखक जे उघड म्हणतो त्यासाठी ‘द ऑथर सेज’, आणि जे केवळ सुचवतो त्यासाठी ‘द ऑथर सजेस्ट्स’. हा भेद मुलांना कळला, की त्यांचे वाचनच बदलते. दुसऱ्याचे म्हणणे मान्य करून पुढे जायचे तर ‘आय सी युवर पॉइंट, बट’. मतभेद असेल तर ‘आय सी इट डिफरंटली’. आधार मागायचा तर ‘व्हॉट मेक्स यू से सो?’ आणि पटले तर ‘यू हॅव कन्व्हिन्स्ड मी’. हे शेवटचे वाक्य मुलांच्या तोंडून सर्वांत उशिरा बाहेर पडते.

एकदा आम्ही बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील पहिला प्रसंग वाचायला घेतला. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्थानकावर उतरतात. ती महार आहेत हे कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाड्याच्या बोलीवर तयार होतो. तेही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे, या अटीवर. एक मुलगा म्हणाला, ‘इन माय ओपिनियन, गाडीवान अज्ञानी होता.’ नववीतील एक मुलगी, जी सहा महिने वर्गात एक शब्दही बोलली नव्हती, ती उभी राहिली. ‘आय सी इट डिफरंटली,’ ती म्हणाली. मुलाने तक्त्याकडे पाहून विचारले, ‘व्हॉट मेक्स यू से सो?’ तिने भाड्याच्या ओळीवर बोट ठेवले. पुढचे ती अडखळत, निम्मे मराठीत बोलली: त्याला आमच्या शेजारी बसण्याचा विटाळ होता, आमच्या पैशाचा नव्हता, म्हणजे आपला फायदा त्याला नीट कळत होता. वर्ग स्तब्ध झाला. थोड्या वेळाने तो मुलगा म्हणाला, ‘यू हॅव कन्व्हिन्स्ड मी.’ इतिहासाचे पदवीधर असूनही त्या ओळीकडे आम्ही तसे पाहिले नव्हते.

छावणीत हे घडावे यात आम्हाला औचित्य वाटते. 1950 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय काढले, त्याचे प्रारंभीचे वर्ग छावणीतच भरले. पुढे त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. राजा मिलिंद विद्वान होता आणि विद्वत्तेचा त्याला अभिमानही होता. ‘मिलिंद प्रश्ना’त भन्ते नागसेन त्याला अट घालतात: पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलू, राजासारखा करणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, तरी कोणी रागावत नाही. राजाच्या वादात जो असहमत होतो त्याला दंड होतो. मिलिंद ती अट स्वीकारतो. मग तो पदोपदी उपमा मागतो, शंका काढतो आणि पटले की मोकळेपणी तसे सांगतो. आमच्या तक्त्यावरील वाक्ये इंग्रजी असली, तरी त्यांची रीत आपल्याच घरातली आहे.

आपल्या पूर्वजांनी फार काळ राजाचाच वाद ऐकला. असहमतीला तेथे केवळ दंड होता. म्हणूनच ही वाक्ये आम्ही केवळ परीक्षेतील गुणांसाठी शिकवत नाही. उद्या मुलाखतीत, न्यायालयात वा विद्यापीठात आपल्या मुलाला उभे राहून ‘मला हे निराळे दिसते, कारण...’ असे शांतपणे म्हणता यावे, एवढ्यासाठी शिकवतो.

पालकांना आमची विनंती आहे की, घरी मूल काही मत मांडेल तेव्हा त्याला गप्प करू नका. ‘असे का वाटते तुला?’ एवढे मराठीतच विचारा. माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या गुरुवारी बाजार करून संध्याकाळच्या तासाला यावे, मुलांमध्ये बसावे आणि त्यांच्याशी मतभेद व्यक्त करावा. आमची मुले रागावणार नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!