'ओरिजिनल विंडोजसह' म्हणजे नेमकं काय घेतलं?

ग्रामपंचायत असो, झेडपीची शाळा असो की विकास सोसायटी, संगणकखरेदीच्या बिलावर एक ओळ ठरलेली असते : "संगणक संच, ओरिजिनल विंडोजसह". ठराव होतो, बिल पास होतं, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद पडते. बातमीच्या निमित्तानं अशी बरीच बिलं मी पाहिली. विंडोज कोणत्या प्रकारचं, हे लिहिलेलं एकही सापडलं नाही.

प्रकार मुख्यतः दोन. दुकानातून सुटं विकत घेतो ते रिटेल. जुनं मशिन भंगारात निघालं तर ते तिथून काढून नव्या मशिनवर टाकता येतं, फक्त एका वेळी एकाच मशिनवर. दुसरं, कंपनीनं मशिनमध्येच भरून दिलेलं. त्याला ओईएम म्हणतात. कंपनी घाऊक घेते म्हणून ते स्वस्त पडतं. पण ते तुमच्या नावावर नसतं, मशिनच्या नावावर असतं. मशिन गेलं की तेही गेलं. अडचण आली तर मदत मायक्रोसॉफ्टनं नाही, मशिन बनवणाऱ्यानं करायची. तालुक्याच्या गावात सुटे भाग जोडून 'असेंबल' संगणक विकणाऱ्यानं ओईएम घातलं असेल, तर कागदोपत्री 'कंपनी' तोच! हे त्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं.

पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, कामही सारखंच करतात. म्हणून खरेदीच्या दिवशी कुणाला फरक कळत नाही. कळतो तो बोर्ड उडाल्यावर.

पूर्वी कॅबिनेटवर स्टिकर असायचं, त्यावर पंचवीस अक्षरांची चावी. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून मोठ्या कंपन्या ही चावी मदरबोर्डच्या चिपमध्येच भरून देतात. सोय चांगली आहे, टाइप करायची भानगड नाही. पण आमच्या तालुक्यातल्या एका शाळेचं काय झालं ते सांगतो. लोकवर्गणीतून संगणक घेतले. वॉरंटी संपल्यावर एकाचा बोर्ड गेला. मेकॅनिकनं जुन्या बाजारातून दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड आणून बसवला. संगणक सुरू झाला आणि विंडोज चावी मागू लागलं. सादिलच्या पैशात नवीन विंडोज बसेना. मग मेकॅनिकनं तेच केलं जे सगळीकडे करतात. क्रॅक मारला. आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग तो चालतो.

त्याच मशिनवर मुलांचे आधार नंबर, शिष्यवृत्तीचे अर्ज, पालकांची बँक खाती भरली जातात. 'पायरेटेड वापरू नका' हे परिपत्रकात लिहायला सोपं आहे. हेडमास्तरांनी पैसे कुठून आणायचे, हे त्यात नसतं.

आणि गंमत अशी की हक्क वाचवता आला असता. बोर्ड बिघडला म्हणून बदलला, आणि नवा बोर्ड तोच किंवा कंपनीनं मान्य केलेला त्याच्या तोडीचा असला, तर ओईएमचा हक्क जात नाही. फक्त चावी नव्या बोर्डात भरायचं काम कंपनीचं सेवा केंद्र करतं, नाक्यावरचा मेकॅनिक नाही. वॉरंटीत असताना हे फुकटात होतं.

म्हणून सगळीकडे रिटेलच घ्या, असं मी म्हणणार नाही. ब्रँडेड मशिन घेत असाल तर ओईएमच बरं, पण वाचलेले पैसे वॉरंटी वाढवण्यात घाला. असेंबल घेणार असाल, जिथे बोर्ड-प्रोसेसर बदलत राहणार, तिथे रिटेल मागा. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या चाव्यांच्या नादी लागू नका. त्यातल्या बऱ्याचशा कुठल्यातरी संस्थेच्या एकगठ्ठा परवान्यातल्या असतात, कधी बंद पडतील नेम नाही. केरळच्या सरकारी शाळांनी तर हा प्रश्नच मोडीत काढला, तिथे मुलं लिनक्सवर शिकतात. आपल्याकडे त्यावर चर्चासुद्धा होत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण, विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, जुन्या मशिनमध्ये ते बहुधा नसतं. म्हणजे नव्या खरेदीची लाट येणार. जुन्या मशिनमधलं ओईएम नव्यावर नेता येणार नाही, पुन्हा पैसे मोजावे लागतील.

कोटेशन मागवताना एवढंच लिहून घ्या : विंडोज ओईएम की रिटेल, वॉरंटी किती वर्षं, बोर्ड बदलल्यास चावी कोण भरून देणार. माल आल्यावर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत 'एसएलएमजीआर', एक जागा सोडून स्लॅश, त्याला चिकटून 'डीएलआय' टाइप करा. छोटी खिडकी उघडते, त्यात ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते स्पष्ट येतं. त्याचा फोटो काढून बिलाला जोडा, मगच चेकवर सही करा.