माने भंज्यांगच्या म्हाताऱ्या गाड्या

दार्जिलिंगहून घूम, सुखियापोखरी करीत साधारण २६ किलोमीटर गेलात की माने भंज्यांग लागते. नेपाळीत भंज्यांग म्हणजे खिंड. भारत-नेपाळच्या सीमेवरचे हे गाव आपल्या आठवडी बाजाराच्या गावापेक्षा मोठे नाही. पण वाचकहो, तुमच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी जीप किंवा ट्रक धूळ खात उभा असेल, तर हे गाव एकदा पाहाच. मी गेलो तोही तशाच गाडीपायी. वडिलांची पेट्रोल जीप घरी उभी आहे. थोरला म्हणतो भंगारात घाला, धाकटा म्हणतो नवे डिझेल इंजिन बसवू. माझे मन कशालाच घेईना.

माने भंज्यांगच्या नाक्यावर लँड रोव्हर रांगेने उभ्या असतात. बहुतेकींचा जन्म १९५० च्या दशकातला, चहामळेवाल्या साहेबांच्या काळातला. ही गाडी मुळात शेतीसाठीच निघाली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मॉरिस विल्क्स या रोव्हर कंपनीतल्या इंजिनिअरची वेल्समध्ये शेती होती आणि तिथे तो महायुद्धातली जुनी जीप वापरीत असे. ती मोडली तर पुढे काय, या चिंतेतून १९४७ साली त्याने जीपच्याच चासीवर नमुना उभा केला. १९४८ मध्ये गाडी बाजारात आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून पत्रे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे घातले. त्यामुळे इथल्या धुक्या-पावसातही अंग गंजले नाही. गंजते ती पोलादी चासी. गिअरबॉक्सवरून पट्टा काढून करवत किंवा मळणीयंत्र चालवायची सोयही तिच्यात होती.

इथून संदकफू ३१ किलोमीटर. उंची ३,६३६ मीटर, म्हणजे जवळजवळ दीड हजार मीटरची चढण. पूर्वी सारा रस्ता दगडगोट्यांचा होता, आता बराचसा सिमेंटचा झाला आहे. तरी पाठीचा कणा जागा होतोच. आमचा चालक साठीचा. त्याला सगळे ‘दाजू’ म्हणत, म्हणजे थोरला भाऊ.

मेघमाला पोचलो तर नावाप्रमाणे ढगच खाली उतरलेला. दाजूने गाडी थांबवली, बॉनेट उघडले, आणि मी चकित झालो. आत मूळचे इंजिन नव्हतेच. तिथे बसले होते आपल्याकडच्या महिंद्राचे डिझेल!

“मूळचे पेट्रोल इंजिन १,५९५ सीसीचे,” दाजू सांगू लागला. “पन्नास घोड्यांचे. पार्ट मिळेनात. धुक्यात डिस्ट्रिब्युटर ओला झाला की गाडी जागीच. पेट्रोलचा खर्च भाड्यात निघेना. गाडी विकायची की काळीज बदलायचे, एवढेच उरले.”

डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून धुक्याची भीती नाही. वर हवा विरळ. समुद्रकाठच्या मानाने दाब दोन-तृतीयांशाहूनही कमी, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद गळते. टर्बोवाले इंजिन ती बरीच भरून काढते.

पण तोटे विचारल्याशिवाय मी थोडाच राहतो! नवे इंजिन जड, पुढचे पाटे बसले. जुन्या गिअरबॉक्सला जोडायला लेथवर प्लेट कातून घ्यावी लागली. सुताएवढी चूक झाली तर क्लच आणि बेअरिंग खाते. ओढ वाढली तसे मागचे एक्सल तुटू लागले. “इंजिन जवान, हाडे म्हातारी,” दाजू म्हणाला. “म्हणून मी पाय आखडता ठेवतो. पोरगा चालवतो तेव्हा एक्सल जाते.”

गंमत अशी की ज्या जीपवरून लँड रोव्हर घडली, त्याच जीपा १९४७ पासून मुंबईत जुळवत महिंद्रा मोठी झाली. म्हणजे सत्तर वर्षांनी चुलत्याचेच काळीज पुतणीला बसले म्हणायचे.

काळीपोखरीला चहा घेताना मी दाजूला माझ्या जीपची हकीकत सांगितली. त्याने एकच विचारले : “रोज किती चालते?” मी म्हणालो, महिन्यातून दोनदा बाजाराला. “मग तुला डिझेल कशाला, भाऊ? माझी गाडी पोट भरते, म्हणून मी बदलले. जुने इंजिन मात्र पोत्यात बांधून ठेवले आहे. विकले नाही.”

संदकफूला पहाटे कांचनगंगा दिसली, लांबवर एव्हरेस्टही. थंडीने बोटे वळत नव्हती. दाजू मात्र डोंगराकडे पाठ करून इंजिन तापवीत बसला होता.

परत आल्यावर धाकट्याला घेऊन तालुक्याच्या मेस्त्रीकडे गेलो. ब्लॉकला तडा नाही. बोअर करून मोठे पिस्टन घातले तर मूळचेच इंजिन चालेल, असे तो म्हणतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलायला आधी लागणारी मंजुरी आणि कागदपत्रांची धावपळही वाचेल. धाकटा जरा हिरमुसला. त्याला म्हटले, ब्लॉक फुटला असता तर तुझेच ऐकले असते. पिस्टनची ऑर्डर दिली आहे. थोरला अजून भंगाराचा भाव विचारतोच आहे.