बीजिंग ते उलानबातर, सबटायटल्सशिवाय

बीजिंगहून उलानबातरला विमानाने दोन-अडीच तासांत पोचता येतं. मी आगगाडी धरली, कारण मला दोन्ही भाषा ऐकत ऐकत जायचं होतं. गोष्ट करोनाच्या आधीची. गाडी सकाळी बीजिंगच्या मुख्य स्टेशनातून सुटायची, रात्री एरल्यानला सीमेवर पोचायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उलानबातरला. चिनीचा अभ्यास बऱ्यापैकी झाला होता, मंगोलचा रखडत चालला होता. दोन्हींचे खरे शिक्षक चित्रपट.

पण ते शिकणं एकसारखं नव्हतं. चीनमध्ये चिनी चित्रपटालाही चिनी सबटायटल्स असतात. शांघायच्या माणसाचं घरातलं बोलणं बीजिंगवाल्याला कळत नाही, कँटनचं तर दोघांनाही नाही. लिपी मात्र सगळ्यांची एकच, म्हणून पडद्याच्या तळाशी अक्षरांची ओळ धावतेच. शिकणाऱ्याला ही पर्वणी वाटते. मलाही वाटली. हळूहळू मी चित्रपट बघायचं सोडून वाचायलाच लागले. मंगोल चित्रपटांनी असले लाड केले नाहीत. लोदोइदाम्बाच्या कादंबरीवर सत्तरच्या दशकात निघालेला ‘तुंगालाग तामिर’ मला मिळाला तो कुठलीही अक्षरं नसलेला, खरखरीत आवाजाचा. तो मी कान लावून, थांबवून, मागे नेऊन ऐकला. म्हणजे चिनी माझ्या डोळ्यांत शिरली आणि मंगोल कानांत.

बीजिंग सोडण्याआधी श्याओशीत्यानला चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात जाऊन आले. तिथे जुने चित्रपट लावतात आणि प्रेक्षकांत पेन्शनरांचा भरणा असतो. शेजारच्या काकांनी मी कुठली म्हणून विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर चेहरा कोरा. सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचं चिनी नाव, के दीहुआ, उच्चारलं मात्र, आणि काका ताठ बसले. त्यांनी 1982 सालचा चिनी चित्रपट पाहिला होता. आमच्या शांतारामांनी 1946 मध्येच एक काढला होता आणि त्यात स्वतःच कोटणीस झाले होते, हे मी सांगितलं. कोटणीसांची चिनी पत्नी कोणी केली, हा काकांचा पुढचा प्रश्न. जयश्रीबाईंनी, आणि हिंदीतून. काका मनापासून हसले.

गाडीच्या डब्यात माझ्यासमोर एक मंगोल आजी होत्या, कापडी पिशव्यांच्या ढिगात बसलेल्या. वरच्या बर्थवर उलानबातरला बांधकामावर निघालेला एक चिनी इंजिनिअर. आजींनी बीजिंग सुटताच भिंतीकडे तोंड केलं आणि झोपून गेल्या. इंजिनिअर गप्पिष्ट होता. मी भारतीय म्हणताच ‘दंगल’वर घसरला. 2017 मध्ये चीनमध्ये या चित्रपटाने भारतापेक्षाही जास्त गल्ला जमवला होता, त्यामुळे ही चर्चा अटळच. बोलणं नीट चाललं होतं. त्याचं प्रत्येक वाक्य मला हवेत लिहिलेलं दिसे आणि मग कळे.

दातोंग आलं. ते त्याचं गाव. गाडी थांबल्याबरोबर त्याने आईला फोन लावला आणि त्याच्या तोंडून जी भाषा बाहेर पडली, तिच्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. जिया झांग-क यांचा ‘अननोन प्लेजर्स’ (2002) याच दातोंगमध्ये घडतो: कोळशाचं गाव, रिकामटेकडी पोरं, मोटारसायकली. तो मी दोनदा पाहिला होता आणि समजला अशी माझी खात्री होती. समजली होती ती खालची ओळ.

जीनिंगनंतर गाडी उत्तरेला वळते आणि गवताळ प्रदेश सुरू होतो. हा अजून चीनच आहे, आतला मंगोलिया. स्वतंत्र मंगोलियात आहेत त्यापेक्षा जास्त मंगोल चीनमध्ये राहतात. इथल्या स्टेशनांच्या पाट्यांवर चिनीबरोबर जुनी मंगोल लिपी असते, वरून खाली उतरणारी. सीमेपलीकडच्यांनी ती चाळिशीच्या दशकात बाजूला ठेवून रशियन अक्षरं घेतली. गंमत अशी की जिथे मंगोल राज्य करतात तिथे त्यांची लिपी दुय्यम झाली आणि जिथे ते अल्पसंख्य आहेत तिथे ती पाट्यांवर टिकली.

याच प्रदेशावरचे दोन चित्रपट मला शेजारी ठेवून बघायला आवडतात. वांग च्वान-आन यांच्या ‘तूयाज मॅरेज’ला 2007 मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. पंगू नवऱ्यालाही सांभाळेल असा दुसरा नवरा शोधणारी मंगोल बाई यू नान या हान अभिनेत्रीने जीव ओतून केली आहे, पण सगळे बोलतात ते चिनी. निंग हाव यांच्या ‘मंगोलियन पिंगपाँग’मधली (2005) पोरं मात्र मंगोल बोलतात. त्यांना ओढ्यात एक पांढरा चेंडू सापडतो. पुढे कळतं की हा ‘राष्ट्रीय चेंडू’ आहे, तेव्हा तो परत करायला ती थेट बीजिंगला निघतात. पहिल्याला बक्षीस मिळालं. मला दुसरा जास्त खरा वाटतो. सेर्गेइ बोद्रोव्ह यांच्या ‘मंगोल’ची (2007) तऱ्हा आणखी तिसरी: तेमुजिन, म्हणजे चंगीझखान, झालेला नट जपानी, जामुखा झालेला चिनी, भाषा मंगोल. आसानो आणि सुन होंगलेइ ती पाठ करून बोलतात, तेव्हा मला आपल्याच वर्गातले दोन हुशार विद्यार्थी दिसतात.

एरल्यानला रात्र झाली. चिनी रूळ 1435 मिलिमीटरचे, मंगोल 1520चे. 85 मिलिमीटरच्या फरकापायी डबे एकेक सुटे करून, प्रवाशांसकट जॅकवर उचलून, खालची चाकं बदलतात. चाकबदलावर रूपक रचायचा मोह इथून गेलेल्या प्रत्येकाला झाला असणार. मला फक्त एवढंच आठवतं की शौचालयांना कुलूप होतं आणि ते फार वेळ होतं.

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर गोबी होतं. बयम्बासुरेन दावा आणि लुइजी फालोर्नी यांच्या ‘द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल’चं (2003) गोबी याच्या बरंच पश्चिमेला, पण रंग तोच. पिल्लाला जवळ न घेणाऱ्या सांडणीला घोडामुखी सारंगी वाजवून, गाऊन वळवतात, तो प्रसंग मी मंगोल शिकायच्याही आधी पुण्यात पाहिला होता. गाण्यात जवळजवळ एकच शब्द फिरून फिरून येतो. मी वर्गात नाव घातलं त्यामागे तो प्रसंग होता.

आजी उठल्या होत्या. डब्याच्या टोकाला असलेल्या बंबातून गरम पाणी आणून त्यांनी खारट दुधाचा चहा केला, एक पेला माझ्यापुढे सरकवला आणि बोलायला लागल्या. आदल्या दिवशीच्या त्या मुक्या बाई याच का, असा प्रश्न पडला. मंगोल बोलताना शब्दातले मागचे ऱ्हस्व स्वर गिळतात, त्यामुळे पुस्तकातलं लांबलचक रूप कानावर निम्मंच येतं. मराठी माणसाची थोडी सोय आहे. ‘चाक’ आणि ‘चार’मधले दोन च, ‘जग’ आणि ‘जन्म’मधले दोन ज आपण एकाच अक्षराने भागवतो, मंगोलला चारही वेगळे लागतात आणि आपल्या तोंडात ते तयार असतात. क्रियापदही शेवटीच येतं. तोवर धीर धरायचा.

भारत म्हटल्यावर आजींनी हातावर हात मारला. “झीता गीता!” तरुणपणी त्यांनी ‘सीता और गीता’ पाहिला होता, रशियन आवाजात. सोव्हिएत संघात सीतेची झीता झाली आणि तशीच ती इकडे आली. मग आजींनी मला सबंध गोष्ट सांगितली. जुळ्या मुली, दुष्ट काकी, अदलाबदल, पट्ट्याचा मार, पोलीस ठाण्यातल्या पंख्यावर जाऊन बसलेली गीता. पंख्यासाठी त्यांनी छताकडे बोट गरगर फिरवलं. आणि मला सगळं कळत होतं! पुढे काय होणार ते ठाऊक असल्यामुळे प्रत्येक क्रियापद मी येण्याआधीच ओळखत होते. अनोळखी प्रत्यय ओळखीच्या घटनांना आपोआप चिकटत होते. वर्गात वर्षभर जे डोक्यात शिरलं नव्हतं ते रमेश सिप्पींच्या कृपेने चोइर स्टेशन येईपर्यंत शिरलं. वरून इंजिनिअर विचारत होता, म्हातारी काय म्हणतेय? मी त्याच्यासाठी चिनीत भाषांतर करत राहिले. पट्ट्याच्या प्रसंगाला तो खाली उतरून बसला.

उलानबातरची उपनगरं, टेकड्यांवरचे पांढरे गेर-तंबू आणि पत्र्याची कुंपणं दिसू लागली तशा आजी पिशव्या बांधायला लागल्या. बांधता बांधता त्यांनी विचारलं, ती नटी आता काय करते? हेमामालिनी मथुरेची खासदार आहे हे कसं सांगावं याची मी जुळवाजुळव केली आणि सांगितलं, आमच्या संसदेत बसते.

आजी गाठ मारायच्या थांबल्या.

“कोण? झीता की गीता?”