गोव्याचा चिटणीस, अ‍ॅमस्टरडॅमचे नकाशे

अ‍ॅमस्टरडॅमच्या दाम चौकातला राजवाडा मुळात राजासाठी बांधलेला नव्हे. १६५५ साली तो नगरपालिकेची कचेरी म्हणून उघडला. पाणथळ जमिनीत इमारत तग धरावी म्हणून तिच्याखाली १३,६५९ लाकडी खांब ठोकले आहेत. आतल्या मोठ्या दालनात संगमरवरी जमिनीवर पृथ्वीचे दोन गोलार्ध आणि त्यांच्यामध्ये उत्तरेचं तारांगण आहे. कामाला आलेला नागरिक या जगावरून चालत जायचा. मूळ नकाशे पावलांनी झिजले, तेव्हा अठराव्या शतकात ते नव्यानं बसवावे लागले. एका शहरानं सारं जग पायाखाली अंथरावं, हा ताठा मला तिथं फार जाणवला.

चौकातून स्टेशनाकडे निघालो. हा रस्ता दामराक. आज इथं पर्यटकांची झुंबड असते. सतराव्या शतकात पाणी होतं आणि मालाच्या होड्या थेट आत यायच्या. या काठावर विलेम ब्लाऊचं दुकान होतं, पाटीवर सोनेरी सूर्यघडी. तरुणपणी त्यानं टायको ब्राहेच्या वेधशाळेत आकाशाचे वेध घ्यायला शिकून घेतलं होतं. दुकानात तो नकाशे, पृथ्वीगोल आणि खलाशांची पुस्तकं विकायचा. त्याआधी या धंद्याचं माहेर होतं अँटवर्प. पहिला आधुनिक अ‍ॅटलास मानला जाणारा ऑर्टेलियसचा संग्रह तिथंच १५७० साली निघाला. १५८५ मध्ये स्पेननं ते शहर जिंकलं आणि पुस्तकविक्रेते, कोरीवकाम करणारे, व्यापारी उत्तरेला आले. अ‍ॅमस्टरडॅमचं नशीब त्यांनी घडवलं.

ब्लूमग्राख्त कालव्याकाठी मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. १६३७ मध्ये ब्लाऊंचा छापखाना इथं आला. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक किनारा, प्रत्येक गावाचं नाव उलटं कोरायचं, खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून रुळांखालून दाबून काढायचा. मागच्या बाजूचा मजकूर खिळ्यांनी वेगळा छापायचा, मग हवे तर हातानं रंग भरायचे. विलेमचा मुलगा योआन यानं १६६२ पासून काढलेल्या महाअ‍ॅटलासच्या लॅटिन आवृत्तीत अकरा खंड आणि सुमारे ६०० नकाशे होते. रंगवलेल्या संचाला साडेचारशे गिल्डरच्या आसपास पडत. तो श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जायचा. १६७२ च्या फेब्रुवारीत ग्राव्हेनस्ट्राटवरचा त्यांचा नवा छापखाना जळाला आणि पुढच्याच वर्षी योआन वारला.

पण या देखण्या ग्रंथातले आशियाचे नकाशे बऱ्याच अंशी जुन्या माहितीवरचे होते. बाप आणि लेक दोघंही डच ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकृत नकाशाकार. परतलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्यांच्या हाताखालून जात, कच्चे किनारे सुधारले जात, आणि ती सुधारणा हातानं काढलेल्या नकाशांतून कंपनीच्या जहाजांवर जाई. सफर संपली की नकाशे परत करावे लागत. जगातला सगळ्यात महागडा अ‍ॅटलास विकणाऱ्या घरानं आपलं सगळ्यात मोलाचं ज्ञान मात्र छापलं नाही. मला यात व्यापाराचा थंड हिशेब दिसतो, आणि तो मला खुपतो.

कारण डचांना पूर्वेची वाट सापडली तीच दुसऱ्यांची गुपितं फुटल्यामुळे, आणि ती फुटली गोव्यात. यान हायखन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपचा चिटणीस म्हणून तिथं पोचला आणि १५८८ पर्यंत राहिला. पोर्तुगीज ज्या मार्गसूचना जपून ठेवत, त्या त्यानं मिळवल्या. वारे, प्रवाह, बंदरं, मालाचे भाव टिपून ठेवले. त्या मार्गसूचना १५९५ च्या पहिल्या डच मोहिमेला उपयोगी पडल्या. पुढच्या वर्षी कॉर्नेलिस क्लाएस या प्रकाशकानं त्याचा संपूर्ण ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला काढला. त्यात गोवा शहराचा रस्त्या-रस्त्यांनिशी भलामोठा नकाशा आहे. घरं, चर्च, बाजार, मांडवीकाठचे धक्के, सगळं मोजून मांडलेलं. जुन्या गोव्यात आज झाडीत हरवलेलं शहर पुन्हा उभं करायला याच्याइतका आधार दुसरा क्वचितच मिळेल.

पुढं त्याच ज्ञानावर स्वार होऊन आलेल्या डच आरमारानं १६३६ पासून १६४४ पर्यंत वर्षामागून वर्ष मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदी केली. जहाजांना रसद जवळून मिळावी म्हणून आदिलशाही मुलखातल्या वेंगुर्ल्यात १६३७ मध्ये वखार उघडली. तिच्या भिंती गावात अजून उभ्या आहेत.