आडवा जोर

कारखान्यात माझी बरीच वर्षं प्रेसब्रेकपाशी गेली. मशीनच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असे: पत्र्याची जाडी, डायच्या व्हीची रुंदी, मीटरला किती टन. तो मी रोज बघायचो. त्यातला एकही आकडा कधी स्वतः मांडून पाहिला नाही. निवृत्तीनंतर कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये 20 टनी हायड्रॉलिक प्रेस आणला आणि पत्रा वाकवायची जोडणी घरीच करायला घेतली, तेव्हा तक्ता कारखान्यातच राहिला होता. तयार जोडणी विकत मिळते, असं मुलगा म्हणाला. मला तो अपमान वाटला.

डायसाठी 25 बाय 25 बाय 3चा अँगल उघडी बाजू वर करून जाड पट्टीवर वेल्ड केला. व्हीचं तोंड 30 मिलिमीटरच्या आसपास आलं. पंचासाठी उद्यमनगरातल्या भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा उचलला. कडक पोलाद म्हणजे मजबूत, एवढाच माझा हिशेब. कड घासून गोल केली आणि पाटा वरच्या चॅनेलला थेट वेल्ड केला. आधी तापवणं नाही, नंतर सावकाश निववणं नाही. असलं पोलाद वेल्डशेजारी काचेसारखं ठिसूळ होतं, हे मला माहीत होतं. ऐकून माहीत होतं म्हणा.

3 मिलिमीटरचा पत्रा वाकला, पण गुण्या लावला की फट दिसायची. दाब सुटला की पत्रा थोडा मागे येतो. म्हणून डाय 90 अंशांहून कमी कोनाची, 85-88ची घेतात. माझा अँगल नेमका 90चा. पत्रा तळाला टेकवला तरी कोन 92च्या आसपास राहायचा. उरलेलं मी हातोडीने भागवत असे, शेडचं दार लावून.

त्यात बाक मध्ये जास्त आणि टोकांना कमी. कोन असा लांबीभर सारखा येईना, तेव्हा कारखान्यात आम्ही डायच्या मध्यभागी खाली कागदाच्या पट्ट्या सारायचो. हाताच्या सवयीने इथेही सारल्या, तर बाक आणखी बिघडला. तिथल्या मशीनला सिलिंडर दोन्ही टोकांना, त्यामुळे मधला भाग मागे राहायचा. माझ्या प्रेसला मधोमध एकच रॅम, आणि वरचा चॅनेल हलका. तो टोकांना वर उचलला जात होता. कागद टोकांखाली हवा होता. हे उमजेपर्यंत बराच पत्रा भंगारात गेला. तीस वर्षांचा अनुभव असा उलटा घालता येतो, ही माहिती मला नवीन होती.

तरी इथवर नुकसान पत्र्याचंच होतं. मग एका ओळखीच्या माणसाला ट्रॉलीची ब्रॅकेटं करून द्यायचं कबूल केलं. 6 मिलिमीटर जाडी, 300 मिलिमीटर लांब बाक. व्हीचं तोंड जाडीच्या आठपट, म्हणजे 48 मिलिमीटर असतं, तर साधारण साडेतेरा टनांत काम झालं असतं. 30च्या व्हीत तोच बाक 20 टनांच्या पुढे जातो. प्रेसला गेज नव्हतं. हाताला जोर कळतो, अशी माझी समजूत होती. आणि जॅकच्या दांड्यावर हात माझा नव्हताच. जॉब मी धरला होता, दांडा मारायला गल्लीतला एक मुलगा होता.

“काका, दांडा लई जड लागतोय.”

“मार की अजून.”

बाक काटकोनाकडे येतो तसा डायच्या दोन्ही भिंतींवर बाहेरच्या दिशेने रेटा वाढत जातो. शेवटी वरच्या जोराच्या जवळपास निम्मा जोर प्रत्येक भिंतीवर आडवा येतो. 20 टनांचे दहा टन, आणि माझी भिंत 3 मिलिमीटरची. खाली मी जाड पट्टी घातली होती. बाजूंना काहीच नव्हतं. अँगलची एक बाजू उघडली, जॉब सरकला, पंच तिरपा झाला. पाट्यावर आडवा ताण आला आणि तो वेल्डच्या कडेनेच तडकला. फटाका फुटावा असा आवाज झाला. तुकडा मुलाच्या नडगीत घुसला. मी धरलेल्या जॉबचं टोक माझ्या मनगटाला नुसतं घासून गेलं.

तुकडा दवाखान्यात काढावा लागला. त्याच्या वडिलांनी माझ्याकडून बिलाचे पैसे घेतले नाहीत आणि मुलाला परत शेडमध्ये पाठवलं नाही. दोन्ही गोष्टी मला त्यांच्या जागी बरोबर वाटल्या असत्या. तो जड दांड्याबद्दल बोलला, तेव्हा शेडमध्ये गेज नव्हतं असं मी अजूनही म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. एक होतं, आणि ते मला काका म्हणत होतं.

आता डाय ईएन-8च्या ठोकळ्यात कापून घेतलेली आहे, 85 अंशांची, दोन्ही बाजूंना जाड गालपट्ट्या. पंचही त्याच पोलादाचा, वेल्ड न करता बोल्टने बसवलेला. जॅकला गेज आहे, पुढे पॉलिकार्बोनेटची ढाल आहे, आणि दांडा मारणारा प्रेसच्या बाजूला उभा राहतो. तो मीच असतो. कारखान्यातला तक्ता मी जुन्या सहकाऱ्याकडून उतरवून आणला, पण भिंतीवर लावण्याआधी प्रत्येक ओळ वहीत मांडून पाहिली. चार जागी माझाच गुणाकार चुकला.

300 मिलिमीटरपेक्षा लांब बाक आला की जॉब उद्यमनगरात पाठवतो. तिथला पोरगा बाकाप्रमाणे पैसे लावतो, जरा जास्तच लावतो. मी घासाघीस करत नाही.