नौकेचा तोल

अरण्य आणि जलाशय ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहावयास मिळावीत, असा योग विरळा. केरळातील पेरियार व्याघ्र प्रकल्पात तो येतो. थेक्कडीच्या धक्क्यावरून नौका निघते, दोन्ही तीरांवर दाट वन उभे असते आणि पाण्यावर आलेले हत्ती, गवे व सांबरे उतारूंना बसल्या जागेवरून दिसतात. वनात पायी हिंडणाऱ्यास जे दर्शन कष्टानेही लाभत नाही, ते येथे वृद्धास व बालकासही सुलभ होते. म्हणूनच या नौकाविहाराची कीर्ती देशभर पसरली. परंतु ज्या सुखासाठी लोक या नौकांत चढतात, त्या सुखातच या नौकांचा धोका दडलेला आहे. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल; म्हणून त्याची फोड आम्ही या लेखात करू इच्छितो.

थेक्कडीचा जलाशय निसर्गाने घडविलेला नाही. पेरियार नदीवर १८९५ साली मुल्लपेरियार धरण पुरे झाले आणि अरबी समुद्राकडे वाहून जाणारे पाणी डोंगरातील बोगद्याने पूर्वेस, मदुराईकडील कोरड्या मुलुखाकडे वळविण्यात आले. धरणामागील खोरे बुडाले, तेव्हा तेथील वृक्ष उभेच्या उभे पाण्यात राहिले. त्यांचे काळे पडलेले बुंधे आजही पाण्याबाहेर डोकावतात व त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. त्रावणकोर संस्थानाने १९३४ साली या परिसरात वन्यप्राण्यांसाठी अभयारण्य राखले आणि १९७८ साली येथे व्याघ्र प्रकल्प आला. तीरावर गावे नाहीत, वस्ती नाही. हीच येथील शोभा होय. आणि संकटसमयी मदत दुरून येते, याचे कारणही हेच होय.

३० सप्टेंबर २००९ या दिवशी सायंकाळी या जलाशयात 'जलकन्यका' नावाची दुमजली नौका उलटली व ४५ जणांना जलसमाधी मिळाली. नौका केरळ पर्यटन विकास महामंडळाची होती. ती जुनी, जीर्ण नव्हती. सेवेत येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते. वादळ नव्हते, पूर नव्हता. तीरावर वन्यप्राणी दिसले, ते पाहण्यासाठी उतारू एका बाजूस धावले, नौका कलली आणि पाहता पाहता पालथी झाली, असे त्या वेळच्या वृत्तांतून सर्वांना कळले. उतारूंच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. खालच्या मजल्यावरील अनेकांना बाहेर पडण्यास वाटच मिळाली नाही.

अशी वार्ता ऐकली की प्रथम उद्गार निघतो, तो उतारूंना दोष देणारा. 'लोकांना शिस्त नाही,' असे म्हटले की आपले समाधान होते. आम्हांस मात्र हा निवाडा पुरेसा वाटत नाही. हत्ती पाहण्यासाठी पैसे देऊन जो नौकेत बसला, त्याने हत्ती दिसताच उठू नये, अशी अपेक्षा करणे म्हणजे मेजवानीस बोलावून पाहुण्याने पानाकडे पाहू नये असे सांगण्यासारखे आहे. लोक एका बाजूस धावतील, ही गोष्ट अपवादात्मक नव्हे; अभयारण्यातील नौकेवर ती रोज घडणारच. मग नौका बांधणाऱ्याने, तपासणाऱ्याने व चालविणाऱ्याने ती आधीच गृहीत धरावयास नको काय?

येथे थोडे विज्ञान सांगणे अवश्य आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेवर दोन बले कार्य करतात. नौकेचे व उतारूंचे मिळून असलेले वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. आणि नौकेच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून पाणी तिला वर उचलते. नौका थोडी कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, वर उचलणारे बल कललेल्या बाजूकडे सरकते आणि नौकेस पुन्हा सरळ करते. पण हे केव्हा? गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल व वजन जागच्या जागी असेल तेव्हाच. लोक उभे राहिले की गुरुत्वमध्य वर चढतो. वरच्या मजल्यावर गर्दी झाली की तो आणखी चढतो. लोक एका बाजूस सरकले की तो त्या बाजूस जातो. तिन्ही गोष्टी एकदम घडल्या, तर नौकेस सावरण्याचे सामर्थ्य उरत नाही.

एक साधे गणित करून पाहावे. नौकेत ६० उतारू आहेत. ३० उजवीकडे व ३० डावीकडे. डावीकडे हत्ती दिसला आणि उजवीकडील सर्वजण तिकडे गेले. प्रत्येकाचे वजन ७५ किलो धरले, तर २,२५० किलो भार क्षणार्धात एका काठावरून दुसऱ्या काठावर गेला. जणू एखादी भली मोठी मोटारगाडी कोणी उचलून पलीकडे ठेवली! अशा वेळी चालकाने वेगात वळण घेतले, तर नौका वळणाच्या बाहेरील बाजूस आणखी झुकू शकते. तळाशी पाणी साचलेले असेल, तर तेही झुकत्या बाजूकडेच धावते. संकटे जशी एकटी येत नाहीत, तशीच ही कारणेही एकमेकांचा हात धरून येतात.

या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक दुःखद कारण घडले. आम्ही वडोदरा नगरीत राहणारे विद्यार्थी. १८ जानेवारी २०२४ रोजी आमच्या याच नगरीतील हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका यांचा अंत झाला. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक जण बसविलेले होते आणि जीवरक्षक जाकिटे मोजक्याच मुलांच्या अंगावर होती. ती मुले आमच्या शाळेची नव्हती; पण ती आमच्याहून निराळी तरी कोठे होती? त्यांच्याही दप्तरांत सहलीचा खाऊ असेल. ते वाचले तेव्हा केरळातील आणखी एका सहलीची हकीकत आमच्या सरांनी सांगितली. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या शिफारशीने पुढे पक्षी अभयारण्य झालेल्या तट्टेकाड येथे, २० फेब्रुवारी २००७ रोजी, शाळकरी मुलांनी भरलेली नौका पेरियार नदीत बुडाली व मुले आणि शिक्षक मिळून १८ जण दगावले. तेथेही भार प्रमाणाबाहेर होता. २००७ साली जे घडले, तेच १७ वर्षांनी आमच्या दाराशी घडावे, यास काय म्हणावे?

हरणीच्या घटनेनंतर, शाळांनी सहली काढूच नयेत, असे मत अनेक वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविले. पुढील वर्षी आमच्या शाळेची सहल दक्षिणेस निघाली, तेव्हा संमतिपत्रांवर सह्या मिळविणे सोपे नव्हते. एका मातेने तर सहीखाली 'माझ्या मुलीस पाण्यात नेऊ नये' असे स्पष्ट लिहून दिले. आमचे भूगोलाचे सर त्या बाईंच्या घरी स्वतः गेले. 'बाई, धक्क्यावर जाऊन सर्व नीट पाहीन; मनास पटले नाही तर एकही मूल चढणार नाही,' असे त्यांनी सांगितले. बाई म्हणाल्या, 'सर, तुम्ही पाहणार असाल तर माझी ना नाही.' या दोन वाक्यांत सहलीचा सारा विचार आला, असे आम्हांस वाटते. सहली बंद करून मुलांना जग दाखवावयाचेच नाही, हा उपाय नव्हे. आणि देवावर भार टाकून चढावयाचे, हाही नव्हे.

थेक्कडीस आम्ही सकाळच्या फेरीस गेलो. चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर जाकीट चढविण्यात आले व जागेवर बसून राहण्याची ताकीद मिळाली. सरांनी स्वतः प्रत्येकाचे पट्टे ओढून पाहिले. सैल पट्ट्याचे जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जाते, हे त्यांनी आम्हांस तेव्हाच समजावून दिले. अर्ध्या तासाने उजव्या तीरावर गव्यांचा एक कळप दिसला. एक वासरू आईच्या पोटाखालून पाण्याकडे पाहत होते. त्या क्षणी नौकेत जी सळसळ झाली, ती आम्ही विसरणार नाही. कोणीही उठले नाही. पण सर्वांची शरीरे एकाच दिशेस वळली, माना लांबल्या, आणि नौका किंचित, अगदी किंचित, उजवीकडे झुकल्याचे पायांना जाणवले. पुढे उभा असलेला कर्मचारी मोडक्या हिंदीत शांतपणे म्हणाला, 'बैठे रहो, सबको दिखेगा.' चालकाने वेग मंद केला आणि नौका हळूहळू अशी वळविली की डावीकडे बसलेल्यांनाही कळप दिसला. मग कोणास उठण्याचे कारणच राहिले नाही. धाकाने जी शिस्त येते तीहून 'मलाही दिसणार आहे' या भरवशाने येणारी शिस्त अधिक टिकते, हा धडा आम्ही तेथे शिकलो.

आता प्रश्न असा की, असे सर्वत्र व्हावे म्हणून काय करावे? प्रथम नौकेचा विचार. समुद्रावरील प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमांत एक कसोटी आहे. सर्व उतारू एका बाजूस जमले असता जहाज १० अंशांहून अधिक कलता कामा नये. अभयारण्यातील नौकेस ही कसोटी अधिकच लागू पडते, कारण तेथे उतारू एका बाजूस जमण्याचा प्रसंग दररोज येतो. नवी नौका पाण्यात उतरविताना उतारूंऐवजी वाळूची पोती एका काठाशी रचून ही परीक्षा तज्ज्ञांनी घ्यावी, आणि तिच्यात उतरेल तेवढीच संख्या नौकेच्या कपाळी मोठ्या अक्षरांत रंगवावी. नंतर तिच्यावर नवा मजला चढविला, नवे छप्पर घातले, तर परीक्षा पुन्हा व्हावी. मासेमारीची नौका बदलून सहलीची केली की काय होते, ते केरळातीलच तानूर येथे ७ मे २०२३ रोजी २२ जणांच्या मृत्यूने दाखवून दिले आहे.

कायदा नाही असेही नव्हे. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. यंत्रचलित नौकेची पाहणी, नोंदणी व चालविणाऱ्यांची पात्रता यांची तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौकासुरक्षेविषयी मार्गदर्शक सूत्रेही प्रसिद्ध केली. उणीव आहे ती कागदावरील अक्षर धक्क्यापर्यंत पोहोचण्याची. धक्क्यावर चढणारी माणसे मोजणारा एक मनुष्य असावा, व संख्या पुरी होताच दोर सोडण्याचा किंवा नौका थांबविण्याचा अधिकार त्याचाच असावा. तिकिटे विकणाऱ्याचा नव्हे. लहान मुलांच्या मापाची जाकिटे निराळी असावीत, कारण मोठ्यांचे जाकीट बालकास तारत नाही. बंदिस्त दालनात जाकीट घातलेला मनुष्य पाणी भरताच छताशी अडकू शकतो. म्हणून अशा नौका उघड्याच असाव्यात, अथवा त्यांच्या खिडक्या सहज मोकळ्या होणाऱ्या असाव्यात. आणि जेथे तीरावर वस्ती नाही, तेथे मदतीची एक छोटी वेगवान नौका फेऱ्यांच्या वेळी पाण्यातच सज्ज असावी. अंधार पडण्याच्या बेतास कोणतीही फेरी निघू नये.

यावर कोणी म्हणेल की, हे सर्व शासनाने व नौकेच्या मालकांनी करावयाचे. शाळकरी मुलांच्या हाती काय आहे? आमच्या हाती तीन प्रश्न आहेत. ही नौका किती जणांची? आम्ही किती जण आहोत? माझे जाकीट कोठे आहे? हे प्रश्न विचारण्यास इंग्रजी लागत नाही, वशिला लागत नाही, वयही लागत नाही. जेथे उत्तर मिळत नाही, तेथे चढू नये. धक्क्यावर चाळीस मुले उभी राहून हे तीन प्रश्न विचारू लागली, तर उत्तर तयार ठेवणे चालकास भागच पडेल. आणि एका शाळेने विचारले, तसे दुसरीने विचारले, की हळूहळू ती त्या धक्क्याची रीतच होऊन जाईल.

नौकेचा तोल राखणे हे एकट्या चालकाचे काम नव्हे. बांधणाऱ्याने तो बांधणीत ठेवावा, तपासणाऱ्याने मोजून पाहावा, चालविणाऱ्याने सांभाळावा आणि बसणाऱ्याने बसून राखावा. यांतील एकाने हात सोडला तर बाकीच्यांवर भार पडतो. सर्वांनीच सोडला तर तो भार पाण्यावर पडतो, आणि पाणी कोणाचीही गय करीत नाही. आमच्या मागून जी मुले थेक्कडीस जातील, त्यांना गवे दिसोत, हत्ती दिसोत. आणि सायंकाळी त्यांची हजेरी घेताना सरांना प्रत्येक नावापुढे 'हजर' ऐकू येवो.