रिंगणातली कथा

धनगरी ओवीला रात्र लागते. मेंढरे वाघरात गेली, जेवणे आटोपली, की ढोलावर थाप पडते आणि सुंबरान मांडले जाते. आधी देवांची नावे, मग ठिकाणांची, मग कथा. मुख्य गायक ओळ टाकतो, साथीदार तिचा शेवट उचलून धरतात. मध्येच गाणे थांबते आणि गायलेला प्रसंग साध्या बोलीत सांगितला जातो. गाण्यात जे देव असतात ते या सांगण्यात पार घरचे होतात. भांडतात, रुसतात, मेंढरे राखतात. धनगरांचा देव बिरोबा याच्या जन्माची कथा अशी रात्रभर पुरते.

या कथांच्या मुलखात सोलापूर जिल्ह्यातली कुर्डुवाडी येते. ती ज्या माढा तालुक्यात आहे, तो मुळात पावसाला पारखा. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली. पुढे ती पंढरपूरलाही गेली आणि मोठ्या गाडीने आलेले वारकरी इथे उतरून तिच्यात बसू लागले. विठोबाच्या वाटेवरचे ठाणे म्हणून गावाचे नाव झाले. बिरोबाची वाट मात्र पायीच राहिली. याच तालुक्यातल्या अंजनगावाहून फरांडे बाबा दरवर्षी चालत कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या, म्हणजे विठ्ठल आणि बिरोबाच्या, यात्रेला जातात. तिथे तलवार घेऊन हेडाम हा नाच खेळतात आणि भाकणूक सांगतात: पाऊस कसा, पीक कसे, भाव काय. मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री स्वतः शंकर-पार्वती येऊन महालिंगरायाच्या मंदिराच्या शिखराला मुंडास बांधतात, अशी श्रद्धा आहे. मग गुरू बिरोबा आणि शिष्य महालिंगराया यांच्या पालख्या भेटतात. भंडारा, खारीक आणि लोकर यांची उधळण होते. ज्याच्यावर लोकर उधळतात तो देव मेंढपाळांचाच असणार!

अशा यात्रांत धनगर गजी हा नाच करतात. पांढरे पायघोळ अंगरखे, डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल, मधे ढोल आणि झांजा, भोवती गोल. पावले सावकाश पडतात, मग ढोल चढतो तशी गती वाढते.

असेच रिंगण उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरही आहे. बेटे अठरा, झाडे जवळजवळ नाहीत, माणसांपेक्षा मेंढ्या अधिक. तिथले लोक हात धरून साखळी करतात, डावीकडे दोन पावले आणि उजवीकडे एक टाकत फिरतात आणि वीरगाथा गातात. वाद्य एकही नाही. ताल जमिनीवर आपटणाऱ्या पायांचा. एक जण कडवे उचलतो, ध्रुपद सगळे घेतात. ड्रॅगन मारणाऱ्या सिगुर्डची गाथा शेकडो कडव्यांची आहे. अनेक शतके फॅरोई भाषेला लेखनाची रूढ पद्धत नव्हती. चर्च आणि कचेरीत डॅनिश चाले. गाथा टिकल्या त्या हिवाळ्याच्या रात्रींमुळे आणि या फेरांमुळे. दक्षिणेकडच्या शेटलंड बेटांवर फिडल वाजते आणि तिथल्या काही धुना टेकडीखाली राहणाऱ्या ट्रौ नावाच्या भुतावळीकडून शिकल्या, असे सांगतात. फिडलवाला त्यांच्या मेजवानीला एक रात्र वाजवून बाहेर येतो, तर वर वर्ष उलटलेले असते.

तिकडे समुद्र, इकडे अवर्षण. दोन्हीकडच्या एकटेपणाची कारणे वेगळी. पण ट्रौंचे संगीत माणसाला काळाबाहेर नेते, तर बिरोबाचा ढोल त्याला येणाऱ्या मृगाच्या पावसाकडे वळवतो. हा फरक मोठा आहे. मेंढपाळाला काळाबाहेर जाणे परवडत नाही, चारा कुठे मिळेल हे त्याला आधी कळावे लागते.

फॅरोच्या गाथा येन्स ख्रिस्टियन स्वाबो याने १७८१-८२ मध्ये टिपायला सुरुवात केली. धनगरी ओव्या टिपायला त्या मानाने उशीर झाला. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये फिरून त्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. त्यांच्या संग्रहातल्या बिरोबा आणि धुळोबा या देवांच्या दोन दीर्घ कथा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत आणल्या आणि २०१४ मध्ये त्या छापल्या गेल्या. पुस्तकात प्रत्येक कथेचा एकच पाठ येतो. माळावर मात्र गायक बदलला की प्रसंग लांबतात, आखडतात आणि सुंबरानात येणारी ठिकाणे वेगळी होतात.